मुक्कामाची भाषा

परक्या मुलखांत दिवस मावळला म्हणजे प्रवाशाला चार गोष्टी हव्या असतात, आणि त्या सर्व काळीं व सर्व देशांत सारख्याच आहेत: डोक्यावर छप्पर, पिण्याला पाणी, पोटाला अन्न आणि आपल्याला येथें सुखानें राहूं देतील असा भरंवसा. पहिल्या तीन गोष्टी खुणेनें मागतां येतात. चौथी मात्र शब्दांवांचून मिळत नाहीं. म्हणून परभाषेशीं बहुतेक माणसांचा पहिला परिचय काव्यांत किंवा शास्त्रांत न होतां धर्मशाळेच्या दारांत होतो. जपानांत मुक्काम करावयाचा झाल्यास कोणतीं वाक्यें यावींत, हा आजचा विषय वरवर पाहतां लहान वाटेल. पण त्याच्या मागें मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत आपल्या नगर जिल्ह्याचाहि कांहीं वांटा आहे.

ज्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्याच्या जामखेड तालुक्यांतील चोंडी या गांवीं १७२५ सालीं अहिल्याबाईंचा जन्म झाला. काशीविश्वनाथाच्या व गयेच्या विष्णुपदाच्या मंदिरांचा त्यांनीं केलेला जीर्णोद्धार सर्वांस ठाऊक आहे. परंतु देवळांइतकींच महत्त्वाचीं त्यांचीं दुसरीं कामें म्हणजे घाट, विहिरी, अन्नछत्रें आणि धर्मशाळा. नगरकडचा यात्रेकरू काशीला गेला तर तेथील बोली त्याला येत नसे. तरी ‘धर्मशाळा’ हा एक शब्द उच्चारला कीं त्याचें निम्में काम होई. ती संस्था सर्व देशांत एकच होती, म्हणून तिचा शब्दहि एकच होता. मुक्कामाची भाषा कोशांत तयार होत नाहीं. मुक्कामाच्या सोयींतून ती आपोआप वाढते.

अशी सोय नसेल तेव्हां प्रवाशाची काय अवस्था होते, याचें एक जुनें उदाहरण आपल्या शेजारींच घडलें. पंधराव्या शतकांत अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी फिरत फिरत जुन्नरला आला आणि पावसाळ्यांत तेथें अडकून पडला. तेव्हां तेथें बहामनी अंमल होता. पुढें याच जुन्नरहून मलिक अहमदानें आपली स्वतंत्र सत्ता उभारली व अहमदनगर वसविलें. निकितीनची प्रवासवही रशियन भाषेंत आहे, पण मधूनमधून तींत तुर्की, फारसी व अरबी शब्द सरमिसळ झालेले आढळतात. बाजारांत व सराईंत जी भाषा चाले ती त्याच्या जिभेवर इतकी बसली होती कीं स्वतःशीं बोलतांनाहि ती सुटली नाहीं. मुक्कामापुरते उचललेले शब्द माणसाच्या मनांत किती खोल जातात, हें यावरून दिसेल.

पुढें सतराव्या शतकांत जपानांत मुक्कामाची व्यवस्था फार नियमबद्ध झाली. १६३५ सालापासून तेथील सरदारांना आळीपाळीनें एदो राजधानींत येऊन राहण्याची सक्ती झाली. एदो म्हणजे आजचें तोक्यो. त्यामुळें राजरस्त्यांवर माणसांचे तांडे सतत वाहूं लागले. एदो ते क्योतो या तोऽकाइदोऽ रस्त्यावर ५३ टप्पे होते. सरदारांसाठीं निराळे वाडे असत. सामान्य वाटसरूंसाठीं जेवण देणारीं ‘हातागो’ नांवाचीं घरें होतीं. आणि गरिबांसाठीं ‘किचिन्-यादो’. या शेवटच्या शब्दाचा अर्थ आपल्या लोकांस चटकन् कळेल. ‘किचिन्’ म्हणजे सरपणाचे पैसे. वाटसरूनें आपला तांदूळ आपण आणावा, आपण शिजवावा, आणि घरधन्यास फक्त लांकडाचे पैसे द्यावे. शिधा बरोबर घेऊन धर्मशाळेच्या ओसरींत तीन दगडांची चूल मांडणाऱ्या आपल्या यात्रेकरूहून हा जपानी वाटसरू फारसा निराळा नव्हता.

हिंदुस्थानांतून जपानांत गेलेल्या पाहुण्यांची परंपराहि जुनी आहे. बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु ७३६ सालीं तेथें पोंचला आणि ७५२ सालीं नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलनविधि त्याच्या हातून झाला. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर विसाव्या शतकाच्या आरंभीं जपान हें आपल्या उद्योगी व सुधारणावादी लोकांच्या कौतुकाचें स्थान झालें. तळेगांवचा पैसा फंडाचा कांचकारखाना १९०८ सालीं निघाला, तो जपानांत ही विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या साह्यानें. तोक्यो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं पडली आणि तिच्यापासून स्फूर्ति घेऊन १९१६ सालीं त्यांनीं आपलें महिला विद्यापीठ स्थापन केलें. पुढें १९२९–३० च्या जगप्रवासांत सत्तरी ओलांडलेल्या कर्व्यांनीं जपानलाहि भेट दिली. या सर्वांचा जपानशीं व्यवहार झाला तो बहुतांशीं इंग्रजीच्या दुभाषेपणानें. तो काळच तसा होता.

याच सुमारास नगरच्या वांट्याला पाहुण्यांची एक विलक्षण जात आली, ती म्हणजे इच्छेविरुद्ध आलेले पाहुणे. पहिल्या महायुद्धांत जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना नगरच्या छावणींत ठेवण्यांत आलें. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटतांच पुन्हां तोच प्रकार झाला. नंगा पर्वताच्या पाहणीहून परत जाण्यासाठीं कराचीला बोटीची वाट पाहणारा हाइनरिख हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक पकडला गेला आणि नगरच्या छावणींत आला. तेथून देवळाली व देवळालीहून डेहराडून असा त्याचा प्रवास झाला. या बंदिवासांत त्यानें हिंदुस्थानी, तिबेटी व जपानी अशा तीन भाषा शिकण्यास आरंभ केला. हेतु विद्वत्तेचा नव्हता. तुरुंगांतून सुटून कोणत्या दिशेनें पळावें आणि तिकडे रात्रीं दार ठोठावलें तर काय बोलावें, एवढाच प्रश्न होता. २९ एप्रिल १९४४ रोजीं सात जण निसटले. हारर अखेर ल्हासाला पोंचला. दुसरे दोघे ब्रह्मदेशांतील जपानी फौजेच्या आघाडीपर्यंत गेले. तीन भाषांपैकीं तिबेटी हाररच्या उपयोगीं पडली आणि जपानी तशीच राहिली. पण त्याला हें आधीं कसें कळावें?

त्याच वर्षांत नगरच्या भुईकोट किल्ल्यांत काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनीं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत तेथें आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला. संस्कृत, पाली, अरबी, फारसी या प्राचीन भाषांपासून हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगु, सिंधी व उडिया या चालू भाषांपर्यंत किती भाषा आपल्या सोबत्यांत होत्या, याची त्यांनीं प्रस्तावनेंत मोठ्या आनंदानें नोंद केली आहे. भिंतीआड कोंडलेलीं माणसें भाषेकडे वळतात, कारण भाषा हा बाहेर जाण्याचा एक मार्ग आहे, हें नगरनें एकाच युद्धांत दोन प्रकारें पाहिलें.

आतां काळ पालटला आहे. भारत व जपान या दोन देशांच्या सरकारांनीं जपानी उद्योगांसाठीं ज्या औद्योगिक वसाहती ठरविल्या, त्यांत पारनेर तालुक्यांतील सुप्याचें नांव आहे. म्हणजे पुणें–नगर रस्त्यावरील हॉटेलवाल्यास जपानी पाहुणा येण्याचा संभव आहे, आणि पारनेरच्या तंत्रज्ञ तरुणास जपानांत जाऊन राहण्याचाहि. अशा वेळीं आपला माणूस काय करतो? इंग्रजींत छापलेली पन्नास वाक्यें घोकतो. मला सांगावयाचें आहे तें हेंच कीं मराठी माणसानें जपानी भाषेकडे इंग्रजीच्या वळणानें जाण्याचें कारण नाहीं. मराठीहून जपानीला सरळ रस्ता आहे, आणि तो पुष्कळ जवळचा आहे.

प्रथम अक्षरें पाहा. जपानी वर्णमालेचे स्वर अ, इ, उ, ए, ओ असे पांच. नंतरच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा क्रमानें लागतात. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो संस्कृत वर्णमालेवरूनच बसविला आहे. कूकाइसारखे भिक्षु नवव्या शतकाच्या आरंभीं चीनहून सिद्धम् लिपीचें ज्ञान घेऊन परतले, आणि त्या अध्ययनांतून पुढें ही मांडणी झाली. त-वर्गानंतर प-वर्ग यावयाचा तेथें ‘ह’ कसा, अशी शंका येईल; तर आजच्या ‘ह’चा उच्चार प्राचीन जपानींत ‘प’सारखा होता, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे क्रम बिघडलेला नाहीं, उच्चार बदललेला आहे.

उच्चारांतहि मराठीला सवलत आहे. इंग्रज ज्या ‘त्सु’पाशीं अडखळतो, तो आपल्या ‘चुलीं’तला पहिला वर्ण होय. ‘मिझु’ म्हणजे पाणी. त्यांतील दुसरा वर्ण आपल्या ‘जुना’मधील ‘जु’च्या जवळचा आहे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तर तेथें अर्थ फिरवितो. ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर. ‘ओबासान्’ म्हणजे मावशी किंवा आत्या, ‘ओबाऽसान्’ म्हणजे आजी. एखाद्या प्रौढ यजमानीणबाईंस चुकून आजी म्हटल्यास पुढील आदरातिथ्य कसें होईल तें सांगवत नाहीं. रोमन अक्षरांत हा भेद बहुधा गळून पडतो. देवनागरींत तो जसाच्या तसा लिहितां येतो.

आतां वाक्यें. दारांत उभें राहून म्हणावें, ‘गोमेन् कुदासाइ’. शब्दशः अर्थ ‘क्षमा असावी’, पण व्यवहारांत ‘कोणी आहे का घरांत?’ असा. आंतून ‘इराश्शाइमासे’ असें स्वागत होतें. त्यास उत्तर देण्याची जरूरी नाहीं, मान लववली कीं पुरे. मग विचारावें, ‘हेया वा आरिमास् का?’ ‘हेया’ म्हणजे खोली, ‘आरिमास्’ म्हणजे आहे, आणि ‘का’ म्हणजे, श्रोतेहो, ‘का’! खोली आहे का? प्रश्नाची खूण दोन्ही भाषांत एकच आहे आणि वाक्यांत तिची जागाहि एकच. हा निव्वळ योगायोग आहे. पण स्मरणाला योगायोगासारखा दुसरा मित्र नाहीं. आगाऊ जागा राखली असेल तर ‘योयाकु शिते आरिमास्’, म्हणजे ‘राखून ठेवली आहे’. भाडें विचारावयाचें तर ‘इप्पाकु इकुरा देस् का?’ म्हणजे एका रात्रीचे किती?

क्रियापद शेवटीं आणि विभक्तीची खूण नामाच्या मागून, ही आपली रीत जपानींत तशीच आहे. ‘वाताशि नो हेया’ म्हणजे ‘माझी खोली’. ‘नो’ हा आपला चा-ची-चें, मात्र लिंगाची कटकट नाहीं. ‘कागि ओ कुदासाइ’ म्हणजे किल्ली द्या. ‘ओयु ओ कुदासाइ’ म्हणजे गरम पाणी द्या. ‘ओफुरो वा नान्-जि कारा देस् का?’ म्हणजे स्नान किती वाजल्यापासून? येथें ‘कारा’ म्हणजे ‘पासून’, तोहि शब्दाच्या मागें. इंग्रजींतून शिकणाऱ्याला सगळें वाक्य उलटें करावें लागतें. आपल्याला फक्त शब्द बदलावयाचे आहेत.

याहून मौजेची गोष्ट ‘-ऊन’ची. आपण म्हणतों ‘खाऊन पाहा’. येथें पाहण्याशीं डोळ्यांचा संबंध नाहीं. जपानींतहि ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘मिते’ म्हणजे पाहा. ‘ताबेते मिते कुदासाइ’ म्हणजे खाऊन पाहा. सकाळीं बाहेर पडतांना जपानी मनुष्य ‘जातों’ असें म्हणत नाहीं. तो म्हणतो ‘इत्ते किमास्’: इत्ते, जाऊन, किमास्, येतों. आणि दारांतून उत्तर येतें, ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’. ‘जातों’ हा शब्द उंबऱ्यावर उच्चारूं नये अशी शिकवण आपल्या घरोघरच्या आज्यांनीं दिली आहे. ती शिकवण घेऊन गेलेल्या माणसास हें वाक्य पाठ करावें लागत नाहीं; तें त्याला आधींपासून येत असतें. अशा साम्यांचा शास्त्रीय अभ्यास जपानांतील राष्ट्रीय भाषासंस्थेंत प्रशांत परदेशी या मराठी भाषाशास्त्रज्ञांनीं केला आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

जेवणाविषयीं सावध राहावें. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन्’, म्हणजे मांस व मासे खात नाहीं, एवढें वाक्य आपल्याकडील वारकरी किंवा जैन प्रवाशास पुरेसें वाटेल. पण पुरत नाहीं. तेथील पुष्कळ पदार्थांत ‘दाशि’ नांवाचें सार असतें, आणि तें बहुधा सुक्या माशापासून काढतात. भाजीच्या वाटींत मासा दिसत नाहीं म्हणून तो नाहीं असें समजूं नये. ‘साकाना नो दाशि मो ताबेमासेन्’, म्हणजे माशाचें सारहि खात नाहीं, हें वाक्य जोडावें व शक्य तर आदल्या दिवशींच कळवावें. स्नानाचाहि नियम लक्षांत ठेवावा. सार्वजनिक कुंडांत उतरण्यापूर्वीं बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचें; कुंड तें शेकण्यासाठीं असतें. पायताण दारांत काढण्याचें मात्र आपल्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

जेथें मराठी फसवील अशीं स्थळेंहि सांगितलीं पाहिजेत. जपानी मनुष्य ‘हाइ’ म्हणतो तेव्हां त्यानें होकार दिलाच असें नाहीं. ‘ऐकत आहें’ एवढाच त्याचा अर्थ पुष्कळदां असतो. नकार देतांना तो ‘नाहीं’ म्हणत नाहीं. ‘चोत्तो’, म्हणजे ‘जरासें’, असें म्हणून थांबतो. तें थांबणें हाच नकार. आपला नगरी स्पष्टपणा तेथें उद्धट ठरेल. दुसरें असें कीं आपण परक्याजवळ बोलतांना आपल्या वडिलांना आदरार्थी बहुवचनच लावतों. जपानी मनुष्य परक्यापुढें स्वतःच्या बापाचा उल्लेख साध्या ‘चिचि’ शब्दानें करतो आणि ऐकणाऱ्याच्या वडिलांना ‘ओतोऽसान्’ म्हणतो. हॉटेलांतील कारकून आपल्या वरिष्ठाचें नांव पाहुण्यापुढें मानाच्या शब्दावांचून घेतो, तें याच रीतीनें. तो अपमान नव्हे. पाहुण्याचा मान आहे.

निघतांना हिशेब मागावयाचा तर ‘काइकेइ ओ ओनेगाइ शिमास्’. नोकरास बक्षिसी देण्याचा रिवाज तेथें सहसा नाहीं. पैसे टेबलावर ठेवून निघाल्यास ते परत करण्यास तो धांवत येण्याचा संभव आहे. पैशाऐवजीं एक वाक्य द्यावें: ‘ओसेवा नि नारिमाशिता’. यांतील ‘सेवा’ म्हणजे काळजी, देखभाल. आपल्या ‘सेवा’ शब्दाशीं त्याचें नातें नाहीं, केवळ ध्वनि जुळला आहे. अर्थ असा कीं ‘मी आपल्या देखभालींत राहिलों’. उलट ज्याचें नातें खरोखर आहे असा शब्द म्हणजे ‘दान्ना’. जुन्या काळीं दुकानदार व खानावळवाले गिऱ्हाइकास या शब्दानें हांक मारीत. बौद्ध भिक्षूंनीं नेलेल्या ‘दान’ शब्दाचें हें रूप: प्रथम मठाला दान देणारा, मग आश्रयदाता, मग धनी. भिक्षेच्या वाटीस ‘हाचि’ म्हणतात. तें आपलें ‘पात्र’. भिक्षूच्या हातीं गेलेले हे दोन शब्द आज तेथें मुक्काम करून राहिले आहेत, आणि आपण परके आहोंत हें ते स्वतःहि विसरले आहेत.

आतां याचा उपयोग काय, तें सांगून आटोपतों. पुणें हें जपानी शिकण्याचें मोठें केंद्र झालें आहे. तेथून सुपा फार दूर नाहीं. नगरच्या शाळांतून देवनागरी लिपींत लिहिलेलीं पन्नास जपानी वाक्यें, मराठी वाक्यरचनेशीं ताडून, दोन्ही बाजूंनीं शिकविलीं जावींत: पाहुणा म्हणून बोलण्याचीं पंचवीस आणि यजमान म्हणून बोलण्याचीं पंचवीस. ज्या खेड्यांतील मुलाचें इंग्रजी कच्चें आहे त्याला आपण आजवर सांगत आलों कीं आधीं इंग्रजी येऊं दे, मग पुढच्या भाषा. तें सांगणें खोटें आहे, आणि त्या खोट्यापायीं कित्येकांच्या पोटाचें साधन दुरावतें. जपानीपुरतें तरी त्याचें मराठी हेंच त्याचें भांडवल आहे.

अहिल्याबाईंनीं धर्मशाळा बांधल्या तेव्हां उतरणाऱ्यानें कोणत्या भाषेंत बोलावें याची अट घातली नव्हती. ओसरीवर जो आला त्याची सोय झाली पाहिजे, एवढाच नियम होता. तो नियम आज पाळावयाचा तर दगडचुन्याबरोबर थोडे शब्दहि लागतील, आणि ते शिकण्याइतकें सामर्थ्य आपल्या भाषेंत खचित आहे.